जर्मनीतलं पहिलं विंटर सेमेस्टर: पाच विषय आणि नोकरी, मेळ कसा घालायचा?

रानवारा

नमस्कार मंडळी. मास्टर्ससाठी जर्मनीत आलोय, पहिलंच सेमेस्टर. ऑक्टोबरच्या मध्यावर लेक्चर सुरू झाली. सहा-सहा क्रेडिटचे पाच विषय घेतलेत, दोन विषयांना दर आठवड्याला युबुंगचा, म्हणजे सरावाच्या तासाचा, गृहपाठ द्यावा लागतो. आठवड्याला १५ तासांची नोकरीही मिळतेय. परीक्षा थेट फेब्रुवारीत असल्याने आत्ता सगळं निवांत वाटतंय, पण सीनियर म्हणतात की इथेच मुलं फसतात. नेमकी कुठे? आणि वसतिगृहाच्या खोलीत स्वयंपाकाचा कोपरा आहे, रोज सकाळी खिडकीच्या काचेवर पाणी जमलेलं दिसतं. हे चालतं का?

गणिती_मास्तर

निवांत वाटतंय, कारण कामाचे तास वेळापत्रकात छापलेले नसतात. एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम, म्हणजे सहा क्रेडिटचा विषय १८० तासांचा. त्या विषयाला आठवड्याला ४५ मिनिटांच्या चार तासिका धरल्या, तर १५ आठवड्यांत वर्गात ४५ तास होतात. उरलेले १३५ तास तुम्ही स्वतः बसून काढायचे असतात आणि ते कुणी विचारत नाही. पाच विषयांचे एकूण ९०० तास झाले. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत १७ आठवडे मिळतात, म्हणजे आठवड्याला ५० च्या वर. त्यात नोकरीचे १५ घाला. स्वयंपाक, धुणं, प्रवास अजून यात नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: नोकरी हवीच असेल तर चार विषय ठेवा. कोणता सोडायचा हे आवडीवर ठरवू नका. मॉड्यूल हँडबुक, म्हणजे अभ्यासक्रमातल्या विषयांची माहितीपुस्तिका, उघडून विषय दर सेमेस्टरला होतो की फक्त हिवाळ्यात, ते बघा. फक्त हिवाळ्यात होणारा सोडलात तर पुढचं वर्षभर तो अडकतो. दर सेमेस्टरला होणारा उन्हाळ्यात सहज घेता येतो. मात्र पहिल्या वर्षात किमान इतके क्रेडिट हवेत अशी अट काही अभ्यासक्रमांना असते, ती आधी वाचा.

नोकरीचे तास रोज तीन-तीन असे विखरू नका. दोन ठरलेले दिवस द्या. लेक्चर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत राहायचं, म्हणजे विम्याच्या दृष्टीने तुम्ही विद्यार्थीच राहता. शिवाय भारतीय विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस ही मर्यादा आहे. चार तासांपर्यंतचं काम अर्ध्या दिवसात धरतात. विद्यापीठातली हिवीची, म्हणजे विद्यार्थी सहायकाची, नोकरी या दिवसांत मोजली जात नाही, मिळाली तर तीच घ्या.

तारीख_पे_तारीख

वरच्या हिशेबाशी सहमत, पण मुलं अभ्यासापेक्षा तारखांवर जास्त फसतात.

इथे विषयाला बसणं आणि परीक्षेला नाव नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतात कॉलेज परीक्षेचा फॉर्म भरून घेतं, इथे कुणी आठवण करत नाही. नोंदणीची मुदत बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान कधीतरी असते. ती चुकली की तयारी कितीही झालेली असो, पेपर देता येत नाही. नाव मागे घेण्याची मुदतही लिहून ठेवा. ती उलटल्यावर गैरहजर राहिलात तर ५,०, म्हणजे नापास. आणि बहुतेक ठिकाणी एका परीक्षेला तीनच प्रयत्न मिळतात. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला घ्या आणि परीक्षा कार्यालयाला लगेच पाठवा, चार दिवसांनी घेतलेला दाखला सहसा मानत नाहीत.

युबुंगकडे दुर्लक्ष करू नका. अनेक विषयांत गृहपाठाचे ५० टक्के गुण असल्याशिवाय परीक्षेलाच बसू देत नाहीत. पहिले तीन गृहपाठ सोडले, तर पुढे प्रत्येकात निम्म्याहून बरेच जास्त गुण मिळवावे लागतात. दोघा-तिघांनी मिळून उत्तरं द्यायला परवानगी असेल तर पहिल्या दोन आठवड्यांतच गट धरा, नंतर सगळ्यांचे गट ठरलेले असतात. जुने पेपर फाखशाफ्टकडे, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे मिळतात. ते जानेवारीत नाही, डिसेंबरातच आणा. नाताळच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीनंतर लेक्चरचे जेमतेम चार-पाच आठवडे उरतात.

त्याच गर्दीत पुढच्या सेमेस्टरची रुकमेल्डुंग येते: सेमेस्टर फी ठरलेल्या मुदतीत, पैसे पाठवताना सांगितलेला मजकूर अचूक लिहून भरायची. विसरलात तर विद्यापीठातून नाव कमी होऊ शकतं आणि मग निवास परवानाही धोक्यात येतो. व्हिसा संपत आला असेल तर तो संपण्यापूर्वीच परवान्याचा अर्ज करा, अपॉइंटमेंट मिळायलाच कित्येक आठवडे जातात.

एक छोटी गोष्ट: वेळेपुढे ‘c.t.’ (सी.टी.) असं लिहिलं असेल तर दहाचं लेक्चर सव्वादहाला सुरू होतं. ‘s.t.’ (एस.टी.) असेल तर दहाला म्हणजे दहालाच.

फोडणीवाली

काचेवरच्या पाण्याचं उत्तर कुणी दिलं नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. ती बुरशीची पहिली खूण आहे. स्वयंपाकाची वाफ, अंघोळ, खोलीत वाळत घातलेले कपडे, सगळी आर्द्रता थंड काचेवर आणि बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यांत जाऊन बसते. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवू नका, त्याने भिंत गार पडते आणि बुरशी वाढते. त्याऐवजी दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडा. तेवढा वेळ हीटरचा कॉक बंद ठेवा. एरवी तो ३ वर असू द्या, म्हणजे साधारण २० अंश. कपाट बाहेरच्या भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर दूर हवं. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या, आकडा ४० ते ६० टक्क्यांत राहिला पाहिजे.

फोडणी करताना तेलातून धूर निघेपर्यंत थांबू नका, धुराचा अलार्म वाजतो आणि काही वसतिगृहांत तो अग्निशमन दलाशी जोडलेला असतो. मध्यम आच ठेवा, मोहरी तडतडली की लगेच भाजी घाला. काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. कुकरची शेवटची शिट्टी व्हायच्या आधीच बटण फिरवा, नाहीतर भात खाली लागतो. इंडक्शन असेल तर भारतातून आणलेला साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, इंडक्शनसाठी बनवलेलाच हवा.

अंधाराबद्दल: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि भारताशी फरक साडेतीनवरून साडेचार तासांचा होतो. संध्याकाळी सहाला फोन केलात तर घरी साडेदहा वाजलेले असतात, म्हणून फोन दुपारच्या जेवणानंतर करा. बर्लिनमध्ये डिसेंबरच्या मध्यावर चारच्याही आत सूर्य मावळतो. दुपारी बारा ते दोनमध्ये अर्धा तास बाहेर चाला, वाचनालयात बसायचं ते अंधार पडल्यावर. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हातून ड जीवनसत्त्व पुरेसं बनत नाही. ऊन मिळत नसेल तर रोज २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० आययू, अशी इथल्या पोषण संस्थेची शिफारस आहे. गोळ्या औषधांच्या दुकानात सहज मिळतात, पण त्याहून जास्त डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

रानवारा

मॉड्यूल हँडबुक बघितलं. पाचपैकी दोन विषय दर सेमेस्टरला होतात, त्यातल्या एकाला युबुंगची अट आहे. कोणता सोडू?

गणिती_मास्तर

युबुंगचे आत्तापर्यंतचे सगळे गृहपाठ दिले असतील तर तो ठेवा आणि दुसरा सोडा. एखादा जरी राहिला असेल तर उलटं करा. नोंदणी अजून केली नसेल तर वेगळं नाव मागे घ्यायची गरज नाही, फक्त पोर्टलवर नाव आधीच गेलेलं नाही ना, ते आजच तपासा.