‘द सेट-अप’ : हरायचे ज्याला, त्यालाच सौदा का सांगितला नाही?

प्रश्न (निपाणी) :
रॉबर्ट वाइझ यांचा १९४९ चा ‘द सेट-अप’ आमच्या वाचनालयाच्या चित्रपट मंडळात दाखवायचा असून चर्चेची जबाबदारी माझ्याकडे आहे. पस्तिशीतला, उतरणीला लागलेला मुष्टियोद्धा स्टोकर थॉम्पसन लढत हरेल, या बोलीवर त्याचा मॅनेजर टायनी गुंडाच्या माणसाकडून पैसे घेतो, पण खुद्द स्टोकरला त्याचा पत्ता लागू देत नाही. हा पटकथेतला कच्चा दुवा म्हणावा काय?

उत्तर (खानापूर) :
मला तसे वाटत नाही. स्टोकर हरणारच, याविषयी टायनीच्या मनात तिळमात्र शंका नाही आणि त्याला सांगितले तर पैशांत वाटा द्यावा लागेल, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. चौथ्या आणि शेवटच्या फेरीच्या तोंडावर स्टोकरला हे कळते, तेव्हा विकल्या गेल्याच्या रागापेक्षा आपल्याला इतके कवडीमोल धरले गेले, हेच त्याला अधिक झोंबत असावे, असे रॉबर्ट रायनचा चेहरा पाहताना जाणवते. रायन स्वतः महाविद्यालयात असताना मुष्टियुद्धाचा विजेता होता, त्यामुळे रिंगणातली त्याची दमछाक उसनी वाटत नाही.

उत्तर (बेळगाव) :
आपल्या भागातल्या श्रोत्यांना हे कुस्तीवरून चटकन उमगेल. जत्रेच्या फडात एखादी मोठ्या इनामाची कुस्ती रेंगाळून बरोबरीत सुटली की ‘ठरवून सोडवली’ अशी ओरड होते. पण तसा संशय घेणारे लोक दोन्ही पैलवान आणि त्यांचे वस्ताद यांना सामील धरूनच बोलतात. इथे लढणारा एकटाच अजाण आहे. शिवाय प्रेक्षकांकडे अवश्य लक्ष वेधा : शेजाऱ्याकडून लढतीचे वर्णन ऐकणारा आंधळा, सतत काहीतरी खात बसलेला स्थूल गृहस्थ, रिंगणाकडे डोळे लावून कानाशी रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकणारा माणूस. यांच्यापैकी कोणीही लाच घेतलेली नाही, तरी रक्त दिसावे ही त्यांचीच मागणी आहे. टायनीपेक्षा मला हीच मंडळी अधिक अस्वस्थ करतात.

उत्तर (खानापूर) :
सहमत. आणखी एक गोष्ट चर्चेत यावी. चित्रपट जोसेफ मॉन्क्युअर मार्च यांच्या १९२८ च्या कथाकाव्यावर बेतलेला आहे आणि त्या काव्यातला नायक कृष्णवर्णीय होता. पडद्यावर तो गोरा झाला, त्यामुळे मूळ कथेतला वर्णद्वेषाचा धागा जवळजवळ निसटला. हे नुकसान मोठे आहे, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता (निपाणी) :
आभारी आहे. त्याच संध्याकाळी जोडीला १९५६ चा ‘द हार्डर दे फॉल’ ठेवावा काय?

उत्तर (बेळगाव) :
तो दुसऱ्या दिवशी ठेवावा. हम्फ्री बोगार्टच्या त्या अखेरच्या चित्रपटात एका बलदंड पण कच्च्या मुष्टियोद्ध्याला ठरवलेल्या लढतींतून खोटेच वर चढवत नेतात, आणि तो विषय स्वतंत्र चर्चा मागतो. ‘द सेट-अप’ जेमतेम ७२ मिनिटांचा असून कथेतला काळही तेवढाच आहे, म्हणून मध्यंतर मात्र घेऊ नका.