रिठ्याने भांडी घासल्याने मुळा-मुठा स्वच्छ होईल का?

मुठाकाठ (धागालेखक)

आळंदीला इंद्रायणीवर तरंगणाऱ्या फेसाचे छायाचित्र देऊन एका सदस्याने येथे नुकतेच आवाहन केले आहे की, पुणेकरांनी पेट्रोलियमपासून बनलेली सर्व साबण-पावडर टाकून द्यावी, रिठा, शिकेकाई आणि घरी केलेले बायोएन्झाइम वापरावे, म्हणजे आपल्या नद्या पुन्हा स्वच्छ वाहू लागतील. नद्यांचा प्रश्न इतका सोपा करून सांगितला जातो याची मला चीड आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कपड्यांच्या पावडरीतला मुख्य सर्फॅक्टंट, म्हणजे तेल-मळ सोडवून पाण्यात मिसळवणारा पदार्थ, एलएबीएस (लिनियर अल्किल बेंझीन सल्फोनेट) हा असतो. कारखानदार ज्याला अ‍ॅसिड स्लरी म्हणतात, त्यापासून तो तयार होतो आणि तो पेट्रोलियमचाच आहे, यात वाद नाही. परंतु प्राणवायू मिळणाऱ्या सांडपाण्यात जिवाणू त्याचे काही दिवसांत विघटन करतात. त्याच्या आधी वापरात असलेल्या, फांद्या फुटलेल्या साखळीच्या सर्फॅक्टंटचे विघटन होत नसे, युरोपातल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचत, आणि म्हणूनच जर्मनीने 1961 मध्ये कायदा केला. सरळ साखळीचा एलएबीएस हे त्या सुधारणेचेच फळ आहे. उलट रिठ्यातले सॅपोनिन, म्हणजे त्याला फेस आणणारे द्रव्य, थेट झाडावरून येते, तरीही ते माशांच्या कल्ल्यांना घातक असते. सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्ये मासे गुंगवण्यासाठी गेळफळ ठेचून टाकण्याची जी जुनी पद्धत आहे, ती त्यातल्या सॅपोनिनच्याच बळावर चालते. पदार्थ कोठून आला यावरून तो नदीत गेल्यावर काय करील हे ठरत नाही.

बाटलीवर ‘वनस्पतिजन्य’ असे छापलेल्या द्रवांचेही तसेच आहे. अशा द्रवांत आढळणाऱ्या एसएलईएस या सर्फॅक्टंटमधला लॉरिल अल्कोहोल पाम किंवा नारळाच्या तेलापासून मिळवता येतो, पण त्याला जोडलेला इथिलीन ऑक्साइड सर्वसाधारणपणे पेट्रोलियमचाच असतो. जगातल्या पाम तेलापैकी चार पंचमांशांहून अधिक तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येते आणि त्यासाठी तेथील किती जंगल गेले, हे आपल्या मोरीत दिसत नाही. नद्यांवर फेस येतो तो प्रक्रिया न केलेले मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी थेट पात्रात सोडले जाते म्हणून. बाटली बदलून मनाचे समाधान झाले, की आपल्याच सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) वीजबिल वाचवण्यासाठी बंद का ठेवला आहे, हे विचारायला कोणी उरत नाही.

सहकारनगर

आपण ‘प्राणवायू मिळणाऱ्या सांडपाण्यात’ असे लिहून पुढे गेलात, आणि सगळी मेख तेथेच आहे. उन्हाळ्यात लकडी पुलाखाली जे काळे पाणी साचलेले असते, त्यात प्राणवायू कितीसा असणार? प्राणवायू नसेल तर एलएबीएसचे विघटन जवळजवळ होतच नाही. तो गाळात जाऊन बसतो. साखर आणि वनस्पतीजन्य चरबीपासून मिळणारे अल्कोहोल जोडून तयार होणारे अल्किल पॉलिग्लुकोसाइड, म्हणजे बाटल्यांवर डेसिल किंवा कोको ग्लुकोसाइड या नावाने दिसणारा पदार्थ, प्राणवायू असताना आणि नसतानाही विघटित होतो. शहराचे सगळे मैलापाणी प्रक्रियेविना वाहणे थांबेल तेव्हा थांबेल. ते थांबलेले नाही म्हणूनच घरातून काय वाहून जाते याला महत्त्व आहे. आपला युक्तिवाद आपल्याच विरुद्ध जातो.

मुठाकाठ

ग्लुकोसाइडचा मुद्दा मला नाइलाजाने मान्य करावा लागेल. परंतु मूळ आवाहनात ग्लुकोसाइडचा उल्लेखही नव्हता. तेथे रिठा होता आणि बायोएन्झाइम होते. पैठणी किंवा लोकरीची शाल रिठ्याच्या पाण्यात धुवावी, हे मीही सांगेन. बायोएन्झाइम मात्र एक भाग गूळ, तीन भाग लिंबूवर्गीय साली आणि दहा भाग पाणी तीन महिने मुरवून केलेले आंबट पाणी असते. त्यात तेल सोडवणारा सर्फॅक्टंट जवळपास नसतोच. त्यातले आम्ल नळावरचा पांढरा थर काढते, पण तेच पाणी शहाबादी फरशीवर रोज टाकले तर फरशीचा चुनखडीचा दगड हळूहळू खरखरीत होत जातो.

कर्वेनगरची गृहिणी

आमच्याकडे टँकरचे जड पाणी येते आणि नळांवरचा थर बायोएन्झाइमने जितका सहज निघतो, तितका दुसऱ्या कशानेही निघत नाही. पण मला त्याहून महत्त्वाचे सांगायचे आहे. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या बोटांच्या पेरांवर भेगा पडून त्यातून रक्त येत असे. भांड्यांची वडी बंद करून कोको ग्लुकोसाइडचा द्रव आणल्यावर काही आठवड्यांत त्यांचे हात भरून आले. नदीचे काय व्हायचे ते होवो, मला हा पुरावा पुरेसा वाटतो.

निवृत्त रसायनशिक्षक

ताईंच्या निरीक्षणावर माझा विश्वास आहे, निष्कर्षावर नाही. भांड्यांच्या वडीत सर्फॅक्टंटबरोबर दगडाची भुकटी आणि धुण्याचा सोडा असतो. सोड्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास किंवा त्याही वर जातो, तर निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. वडी गेली म्हणजे सोडा गेला, भुकटीचे घर्षणही गेले. हात सुधारले ते त्यामुळे. द्रव खोबऱ्यापासून बनला होता की खनिज तेलापासून, याचा त्यात वाटा फार थोडा आहे. खोबरेल तेलाचा शुद्ध साबणही अल्कधर्मीच असतो. आमच्या आजीच्या पिढीने चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन भांडी घासली. राखेतले पोटॅशियम कार्बोनेट झाडाचेच असते, भांड्यावरच्या तेलाचा ते थोडाफार साबणही करते, आणि तरीही त्या पिढीच्या बायकांचे हात कसे होते ते मी पाहिलेले आहे.

कर्वेनगरची गृहिणी

सर, आपण वर्गात शिकवत असल्यासारखे उत्तर दिले आहे. सोडा नसलेला, त्वचेला सोसणारा द्रव मला बाजारात मिळाला तो वनस्पतिजन्य म्हणूनच मिळाला. श्रेय कोणत्या रेणूला द्यायचे याची चर्चा आपण जरूर करावी, परंतु एका बाईची वेदना कमी झाली आहे, तिच्यापुढे ‘निष्कर्षावर विश्वास नाही’ असे लिहिताना आपल्याला काहीच वाटले नाही याचे मला वाईट वाटते.

पर्वती पायथा

माझी आई घरोघरी भांडी घासते, म्हणून या चर्चेत मला बोलणे भाग आहे. आईच्या एका घरी मोठ्या उत्साहाने बायोएन्झाइम सुरू झाले. तळणीची कढई त्याने निघेना, तेव्हा तारेची घासणी घेऊन तीच कढई दोनदा घासावी लागे, आणि बोटांच्या भेगांमध्ये ते आंबट पाणी गेले की आई हात झटकत उभी राहत असे. मालकीणबाईंनी शेजारणींना मात्र घर रसायनमुक्त झाल्याचे सांगितले. दुसऱ्या एका घरी महागडा वनस्पतिजन्य द्रव आला, पण महाग म्हणून त्यात एवढे पाणी घालून ठेवतात, की आईला जोर लावूनच तेल काढावे लागते. गृहिणीताईंच्या मावशींना बरे वाटले याचा मला आनंद आहे, पण सर्व घरे तशी नसतात. खर्च तुमचा वाचतो, श्रम आईचे वाढतात. द्रव द्यायचा असेल तर न पातळ करता द्या, तेलकट भांड्यांना कढत पाणी द्या, आणि कढईतले तेल आधी कागदाने पुसून घ्या. तेल पुसल्याने साबणही कमी लागतो आणि मोरीतून नदीकडे जाणारी घाणही कमी होते, हे धागालेखकांनाही पटायला हरकत नाही.

औंध

हा धागा नदीविषयी आहे. हातांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्यासाठी स्वतंत्र धागा काढावा. येथे कपड्यांच्या पावडरीतल्या फॉस्फेटविषयी अद्याप कोणीच बोललेले नाही. फॉस्फेट जलपर्णीचे खत आहे; पवना आणि मुळेतली जलपर्णी काढण्यासाठी दर वर्षी खर्च करावा लागतो. हेच पाणी पुढे भीमेतून उजनीत जाते आणि तेथील लोक ते पितात.

पर्वती पायथा

स्वतंत्र धागा काढला, तर तो कोणीही वाचणार नाही. नदीत जाणारे साबणाचे पाणी आधी कोणाच्या तरी हातांवरून जाते, एवढे लक्षात घेतले तरी हा विषय येथे अस्थानी वाटणार नाही.

निवृत्त रसायनशिक्षक

पर्वतीच्या सदस्यांनी तेल पुसण्याविषयी जे लिहिले आहे, ते शास्त्राच्या दृष्टीने या धाग्यातले सर्वांत उपयुक्त वाक्य आहे. फॉस्फेटविषयी औंधकरांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र ते केवळ पावडरीतून येत नाही. मलमूत्रातून आणि शेतातल्या खतांमधूनही येते. त्यात भर घालतो: खडकवासल्याचे नळाचे पाणी तुलनेने मृदू असते, त्यामुळे जेथे टँकर येत नाही तेथे पावडरीचे माप बिनदिक्कत कमी करावे. कर्वेनगरच्या ताईंना माझे शब्द लागले असतील तर तसा हेतू नव्हता. सोड्याविषयीचे माझे मत मात्र तेच आहे.

सहकारनगर

म्हणजे मार्ग दिसतो आहे: भांड्यांना सोडाविरहित ग्लुकोसाइडचा द्रव, कपड्यांना फॉस्फेटविरहित पावडर आणि तीही कमी मापाने. धागालेखकांनी आता तरी मान्य करावे, की घरातल्या निवडीने नदीला फरक पडतो.

मुठाकाठ

भार कमी होतो, एवढे मी मान्य करतो. रिठा आणि सालींच्या पाण्याने मुळा-मुठा स्वच्छ होईल, हे मान्य करणार नाही. मूळ आवाहनातले नद्यांविषयीचे विधान संबंधित सदस्यांनी मागे घ्यावे, ही मागणी कायम आहे. आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत मी एसटीपीच्या मीटरचे वर्षभराचे आकडे मागणार आहे. आवाहनाखाली ज्यांनी ज्यांनी सहमती नोंदवली, त्यांनीही आपापल्या सोसायटीत ते मागावेत आणि मिळालेले आकडे येथे द्यावेत.

सहकारनगर

आमच्या सोसायटीचे मी देईन. द्रव मात्र तोच आणीन.