एसीच्या आउटडोअर युनिटमागे ओलं पॅड लावायचंय, मदत हवी आहे (पाणी बोअरचं)

नमस्कार मंडळी,

नाशिकला पाथर्डी फाट्याला चौथ्या मजल्यावर राहतो. दीड टनाचा साधा एसी आहे, इन्व्हर्टर नाही. आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीवर. दुपारी दोननंतर 24 वर ठेवूनही खोली 27 च्या खाली येत नाही. सर्व्हिसिंग झालंय, गॅस बरोबर आहे.

मागच्या आठवड्यात मेव्हण्याच्या नर्सरीतला एक फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारा) आणून युनिटच्या पाठीमागे लावला. वीस मिनिटांत क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती धरून करंट मोजतात तो) 7.2 अँपिअरचे 6.5 झाले, खोलीही गार! पाचव्या दिवशी टॉर्च मारून पाहिलं तर फिन्सवर (युनिटमागच्या पातळ पत्र्यांवर) पांढरा खार. नखाने खरवडला तर पापुद्राच निघाला. बोअरच्या पाण्याने गिझरची कॉइल दरवर्षी जाते, तेव्हा हे आधी सुचायला हवं होतं. खालच्या काकूंच्या कुरडयांवर तुषार उडाले ते वेगळंच.

आता फॉगर काढून मागे कूलरचं पॅड आणि त्यावर ठिबकची 16 एमएम नळी सोडायचा विचार आहे. पॅड किती लांब ठेवू? वाळा चालेल का? आरओचं वाया जाणारं पाणी वापरलं तर? आणि बिलात खरंच फरक पडतो का?

प्रतिसाद १
एसीच्याच कामात आहे म्हणून सांगतो, फिन्स कोरड्याच राहिल्या पाहिजेत. गार करायची ती आत जाणारी हवा. पॅड वीतभर लांब ठेवा, तेही फक्त मागे आणि जाळीच्या बाजूला. समोरून गरम हवा बाहेर पडते, तिथे काही नको. वाळा दाट असतो, पंख्याला हवा ओढता येत नाही. आधी कोरडं पॅड लावून अँपिअर बघा. वाढले तर पॅड जाड आहे. खार काढायला अ‍ॅसिड अजिबात नको, अ‍ॅल्युमिनियम खातं. आरओच्या त्या पाण्यात तर क्षार बोअरपेक्षा जास्त!

प्रतिसाद २
कोरड्या उन्हाळ्यात हे चालतं. हवा 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल तर चांगलं पॅड हवा तिशीच्या आसपास आणतं. पण हिशोब करा. 0.7 अँपिअर म्हणजे ढोबळ दीडशे वॉट. रोज चार तास धरले तर महिन्याला सतरा-अठरा युनिट वीज वाचेल. ताशी आठ लिटरने पाणी जाईल जवळजवळ हजार लिटर. मे महिन्यात सोसायटीत टँकर येत असेल तर बिलासाठी हा उद्योग करू नका, खोली गार होत नाही म्हणून करा. त्याआधी युनिटवर सावली करून बघा, हवा न अडवता. पाऊस सुरू झाला की पॅड काढून ठेवा, दमट हवेत ते नुसतं अडसर.

धागाकर्ता
दोघांचे आभार. हजार लिटर डोक्यातच आलं नव्हतं. कोरड्या पॅडवर 7.3 दिसले, म्हणजे जाडी चालेल ना? ताशी दोन लिटरचे चार ड्रिपर लावतोय, खाली ट्रे ठेवून. त्यात साचलेलं पाणी परत पॅडवर सोडलं तर खार वाढेल का?