मदत हवी आहे: मानशीच्या पाण्यात ऑक्सिजन सकाळी २.४, दुपारी ११.२, चुकतंय कुठे?

खारफुटी_टीवाय

नमस्कार. बी.एस्सी. पर्यावरणशास्त्र, शेवटचं वर्ष. कॉलेज लहान, प्रयोगशाळा रसायनशास्त्र विभागाची, मिळेल त्या वेळेत वापरायची. प्रकल्प गोव्यातल्या मांडवीकाठच्या खाजनावर (बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन): मानशीच्या (बांधातल्या जलद्वाराच्या) आत पोंयीतलं (दारामागच्या तळ्यातलं) पाणी आणि बाहेर नदीचं पाणी यांची तुलना, एकूण सहा जागा. अडचणी अशा:

विंकलर पद्धतीने (विरघळलेला ऑक्सिजन टायट्रेशनने मोजायची पद्धत) पोंयीत सकाळी पावणेसातला २.४ मिग्रॅ/लि. आला, दोन दिवसांनी दुपारी अडीचला ११.२. पाण्याचं तापमान तेव्हा ३० अंश. गाईड सर म्हणतात ३० अंशांना ११ शक्य नाही, एक आकडा काढून टाक. शिवाय टायट्रेशनमध्ये निळा रंग जातो आणि परत येतो. सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) ३४०० आला, तो तर मलाही पटत नाही. बीओडीचा (जैविक ऑक्सिजन मागणी) इन्क्युबेटर नाही. काय करू?

ब्यूरेट_स्टँड

एकही आकडा काढू नका. ३० अंशांना गोड्या पाण्याची संपृक्तता (हवेतून पाण्यात मावणारा ऑक्सिजन) ७.५६, हे सरांचं बरोबर. पण ती हवेशी समतोल साधलेल्या पाण्याची. पोंयीचं पाणी उथळ, साचलेलं, शेवाळाने हिरवं. भर उन्हात प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजन संपृक्ततेच्या वर जातो, आणि रात्रभर सगळे श्वसन करत राहिले की पहाटे तळाला येतो. शंका घ्यायचीच तर २.४ वर घ्या: बाटली भरताना बुडबुडा शिरला असेल तर खरा आकडा त्याहूनही कमी असेल. नळी बाटलीच्या तळापर्यंत, पाणी बाटलीच्या दुप्पट-तिप्पट वाहून जाऊ द्यायचं, मग नळी हळू बाहेर.

३०० मिलि. बाटलीत मँगनस सल्फेट १ मिलि., अल्कली-आयोडाइड-अझाइड १ मिलि., दोन्ही पृष्ठभागाखाली. खाऱ्या पाण्यात साका सावकाश बसतो. एकदा बसला की पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या, मगच सल्फ्युरिक आम्ल १ मिलि. टायट्रेशनला २०१ मिलि. घ्या, २०० नव्हे: दोन रिएजंटनी बाटलीतलं २ मिलि. पाणी बाहेर ढकललेलं असतं. मग ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटचा १ मिलि. म्हणजे सरळ १ मिग्रॅ/लि.

निळा रंग काही सेकंदांत परतत असेल तर नायट्राइट; अझाइड जुनं किंवा कमी पडलंय. पाच-दहा मिनिटांनी परतत असेल तर हवेचं काम, दुर्लक्ष करा. स्टार्च पिवळा रंग अगदी फिका झाल्यावरच घाला. आधी घातला तर आयोडीन धरून ठेवतो आणि शेवट लांबतो. आपल्या दमट हवेत स्टार्चला बुरशी फार लवकर धरते; १०० मिलि.ला ०.२ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल घातलं की टिकतो. थायोसल्फेट दर आठवड्याला पोटॅशियम डायक्रोमेटने तपासा.

लाल_माती

सीओडीचं उत्तर मिठात आहे. त्या चाचणीतलं डायक्रोमेट क्लोराइडचंही ऑक्सिडेशन करतं आणि १ ग्रॅम क्लोराइड सुमारे ०.२२६ ग्रॅम ऑक्सिजनइतका खोटा सीओडी दाखवतं. तुमच्या पाण्यात लिटरला १५ ग्रॅम क्लोराइड असेल तर फक्त त्याचेच ३३९० झाले. क्लोराइड बांधून ठेवायला मर्क्युरिक सल्फेट (पाऱ्याचा क्षार) त्याच्या दहापट लागतं. नेहमीचे ०.४ ग्रॅम २० मिलि. नमुन्यातल्या २००० मिग्रॅ/लि. क्लोराइडपर्यंतच पुरतात; तुम्हाला दर फ्लास्कला ३ ग्रॅम लागेल. एवढा पारा ओतून कसला पर्यावरणाचा प्रकल्प? सीओडी सोडून द्या आणि कारण अहवालात लिहा. परीक्षकाला तेच जास्त आवडेल.

खारफुटी_टीवाय

धन्यवाद! क्लोराइड मोजलेलंच नाही. मोहर पद्धत (सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन) चालेल? आणि बीओडीचं?

ब्यूरेट_स्टँड

चालेल, पण विरल करून. १ मिलि. नमुना १०० मिलि. करा, ०.०१४१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेट. १५ ग्रॅमच्या पाण्याला सुमारे ३० मिलि. लागेल. समुद्रमिश्रित पाण्यात क्लोराइडला १.८०६५५ ने गुणलं की क्षारता (एकूण मीठ). १५ ची २७ होते, आणि २७ क्षारतेला ३० अंशांवर संपृक्तता साडेसहाच्या आसपास उतरते. म्हणजे तुमचे ११.२ सुमारे १७० टक्के. हा हिशेब सरांसमोर ठेवा.

बीओडी आपल्याकडे २७ अंशांना ३ दिवस करतात. तापमान धरून ठेवता येत नसेल तर त्या आकड्याला बीओडी म्हणू नका. त्याऐवजी उजेडी-काळी बाटली करा: एकाच पाण्याच्या तीन बाटल्या, एक लगेच रिएजंट घालून स्थिर करायची, एक पारदर्शक, एक काळी टेप आणि वर फॉइल लावलेली. दोन्ही पोंयीत टांगा. काळीतली घट म्हणजे श्वसन, पारदर्शकमधली वाढ म्हणजे निव्वळ उत्पादन. दोन तासांच्या वर ठेवू नका, तुमच्या पाण्यात बाटलीतच बुडबुडे सुटतील आणि हिशेब बिघडेल.

भरती_ओहोटी

मूळ घोळ जागांच्या निवडीत आहे. सहा जागा वेगवेगळ्या वेळी घेतल्या तर जागेचा फरक दिसतोय की घड्याळाचा, कळणार नाही. एकच मानस घ्या, आत-बाहेर दोन बिंदू, दर तीन तासांनी २४ तास. भरतीत दारं पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीत उघडतात. तेव्हा बाहेरचा नमुना दारालगत घेतला तर ते पोंयीचंच पाणी असतं. दारांची स्थिती प्रत्येक नमुन्यासमोर लिहा. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे पहाटेची ओहोटी आठवडाभराने दुपारच्या आसपास येते. दुसरी फेरी तेव्हा करा, ऊन आणि ओहोटी वेगळी काढता येतील. मुरगाव बंदराचा तक्ता वापरताना आत नदीत वेळ मागे पडते हे ध्यानात ठेवा. काठावर खुणेची काठी रोवून स्वतः बघितलेलं बरं.

आणि मानशीची पावणी (मासेमारीच्या हक्काचा लिलाव) ज्याने घेतलीय त्याला आधी विचारा. ओहोटीला तिथे जाळं असतं.

लाल_माती

एक राहिलं. अझाइडचा उरलेला द्रव आम्लासकट सिंकमध्ये ओतू नका, विषारी हायड्रॅझोइक आम्ल तयार होतं, आणि शिसं-तांब्याच्या नळांत स्फोटक क्षार साचतात. मोहर पद्धतीतल्या चांदी-क्रोमेटचा कॅन वेगळा, सीओडीच्या पाऱ्याचा वेगळा.