मदत हवी आहे: काकांच्या मागांचं कॉस्टिंग केलं तर तोटा येतोय, चुकतंय कुणाचं?

टीवाय_पूर्वभाग

नमस्कार मंडळी, लई मोठं लिहिणार आहे, आधीच सॉरी.

मी टीवाय (तिसऱ्या वर्षाच्या) बीबीएला आहे, सोलापुरातल्याच एका छोट्या कॉलेजात. छोटं म्हणजे वर्गात ३४ जण, रोज येणारे १२-१४, खाली ऑफिस वर चार वर्ग, लायब्ररी म्हणजे दोन कपाटं आणि किल्ली शिपाई मामांकडे. कॉस्टिंगच्या मॅडम दिवाळीनंतर आल्याच नाहीत, आता सीएचबीवर (तासाप्रमाणे पैसे) एक सर येतात, शिकवतात झकास पण तास संपला की गाडीला किक, कारण त्यांना लगेच दुसऱ्या कॉलेजवर पळायचं असतं, थांबवून विचारायला माझ्याच जिवावर येतं. म्हणून इथे विचारतेय.

प्रोजेक्ट आहे १०० मार्कांचा. वर्गातल्या निम्म्या लोकांनी मोठ्या गाड्यांच्या नाहीतर सॉफ्टवेअरच्या कंपन्या घेतल्यात, म्हणजे सिनियरची फाइल घ्यायची, नाव आणि वर्ष बदलायचं, स्पायरल बाइंडिंग करायचं, संपलं. मला ते नको होतं. आमच्या काकांचे पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, चार माग आहेत, टेरी टॉवेलचे, जॉबवर्कवर. शेठकडून बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) आणि सूत येतं, काका विणून देतात, किलोवर मजुरी मिळते. मी लहानपणापासून त्याच खडखडाटात अभ्यास केलाय तर म्हटलं यांचंच कॉस्टिंग करू.

आता आकडे. एक शिफ्ट बारा तासांची, एका मागावर दिवसाला २५ किलो धरलेत, चार मागांचे १०० किलो, महिन्याला २५ दिवस म्हणजे २५०० किलो, किलोला २२ रुपये मजुरी म्हणजे ५५,००० जमा. खर्चात एक कामगार आहे जो दोन माग बघतो त्याला किलोला ११ प्रमाणे १३,७५०, वीज ६,५००, शेडचं भाडं ८,०००, रिपेरी आणि सामान ५,०००, टेम्पो २,५००, मागांच्या लोनचा हप्ता ९,२००. बेरीज ४४,९५०. राहिले १०,०५०. इथपर्यंत काका पण म्हणतात बरोबर आहे, दहा-बारा उरतात.

पण बाकीचे दोन माग काका स्वतः चालवतात, त्यांची मजुरी कुठेच नाही. आणि कांड्या (बाण्याच्या सुताच्या) भरायचं काम काकू करते, तिचं तर नावच नाही. मी काकांचे १३,७५० आणि काकूचे ५,००० धरले (बाहेरून बाई लावली तर तेवढे जातात) तर सरळ ८,७०० तोटा येतो दर महिन्याला!! आणि न धरता बघितलं तरी मालकाला १०,०५० आणि त्याच्याच कामगाराला १३,७५०. तीनदा कॅल्क्युलेटर मारला. माझंच काहीतरी चुकतंय ना?

दुसरं, आमचे गाईड म्हणतात घरचा प्रोजेक्ट चालत नाही, कंपनीचं लेटरहेड आणि शिक्का पाहिजे. काकांकडे लेटरहेड नाही, एक डायरी आहे आणि मार्कंडेयाचं कॅलेंडर, ज्याच्यावर ते खाडे लिहितात.

पुस्तक सगळं इंग्रजीत आहे, घरी तेलुगू, शाळा मराठी, त्यामुळे सोप्या भाषेत सांगा प्लीज.

शेंगाचटणी

ताई प्रश्न चांगला आहे पण तो आकड्यांचा पॅरा वाचताना दम लागला, मागाचा पट्टा सुटल्यासारखं लिहिलंय. बाकी तुमचे सर तासावर, कामगार किलोवर, पक्का पगार फक्त मामांना दिसतोय.

हिशोबी_माणूस

चूक आहे, पण तुम्हाला वाटते तिथे नाही.

लोनचा हप्ता अख्खा खर्चात टाकलात. हप्त्यात दोन गोष्टी असतात, व्याज आणि मुद्दल. व्याज हा खर्च. मुद्दल म्हणजे उसने घेतलेले परत देणे, तो खर्च नव्हे, खिशातून गेले तरी. मात्र माग झिजतात त्याचा घसारा तुम्ही धरलेलाच नाही, तो धरायला पाहिजे. हप्त्यात व्याज किती आणि माग केवढ्याला घेतले ते सांगा.

काका-काकूंच्या मजुरीचं जे केलंत ते चूक नाही, उलट तेच प्रोजेक्टचं खरं काम आहे. त्याला कॉस्टिंगमध्ये नोशनल कॉस्ट म्हणतात, प्रत्यक्ष दिलेले नसतात पण किंमत असते. फायनान्शियल अकाउंटमध्ये ते येत नाही, म्हणून दोन पत्रकं वेगवेगळी करा. एकात मजुरी न धरता नफा, दुसऱ्यात धरून. दोन्ही खरी आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत.

जुना_माग

बाळ, आमचे सहा होते. विकले. म्हणून बोलायलोय.

२५ दिवस आन २५ किलो हे कागदावर. बीम संपला की पुढचा बीम शेठ लगेच देतोय का? दोन दोन दिवस माग उभा. लाईट गेली तर गेली. गड्ड्याच्या जत्रेत कामगार येत नाय, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ असतोय तेव्हा तर अख्खा पूर्व भाग बंद, आन लग्नसराईत गावाला गेलेला माणूस कधी येईल ते त्यालाच ठाऊक नसतंय. एका महिन्यावर हिशोब करू नको, काकांच्या कॅलेंडरवर खाडे हायत ना, तेच तुझं खरं रेकॉर्ड. बारा महिने मोज.

आन कामगाराला उचल (आगाऊ पैसे) दिलीय का ते विचार. बिनव्याजी दिलेली असती, ती पण काकांच्याच खिशातून अडकलेली असती. ते कुणी लिहीत नाय.

टीवाय_पूर्वभाग

बाप रे, उचल दिलीय, २५,०००. मला माहीतच नव्हतं, काकूने सांगितलं.

हिशोबी दादा, बँकेच्या कागदावर बघितलं, ९,२०० मध्ये सध्या व्याज साधारण ३,४०० आणि बाकीचं मुद्दल. माग सेकंडहँड घेतलेत, चार मिळून ३,६०,०००. भंगारात गेले तर ६०,००० येतील असं काका म्हणतात आणि दहा वर्षं चालतील म्हणतात (ते प्रत्येक गोष्ट दहा वर्षं चालेल म्हणतात, गाडी पण).

हिशोबी_माणूस

झालं मग. ३,६०,००० वजा ६०,००० म्हणजे ३ लाख, दहा वर्षांत वाटले तर वर्षाला ३०,०००, महिन्याला २,५०० घसारा. आता ९,२०० काढा, त्या जागी ३,४०० व्याज आणि २,५०० घसारा टाका. नफा १०,०५० चा १३,३५० झाला. घरची मजुरी १८,७५० धरली तर तोटा ८,७०० नाही, ५,४००.

आता पुढचं, कारण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हेच विचारतील. खर्च दोन पोत्यांत टाका. किलोबरोबर वाढणारे एका पोत्यात: मजुरी ११ (काकांची धरून), कांडी २ (काकूची), वीज २.६०, रिपेरी २, टेम्पो १, एकूण १८.६०. वीज आणि रिपेरी पूर्ण व्हेरिएबल नसते पण तुमच्या प्रोजेक्टला चालेल, तसं एक वाक्य लिहून टाका. न वाढणारे दुसऱ्या पोत्यात: भाडं, व्याज, घसारा, एकूण १३,९००.

२२ मधून १८.६० गेले, किलोला ३.४० उरले. हे कॉन्ट्रिब्युशन. १३,९०० भरून काढायला ३.४० च्या हिशोबाने ४,०८८ किलो लागतात. आणि काकांची एका शिफ्टची पोच २५०० किलो. म्हणजे एका शिफ्टमध्ये हा कारखाना ब्रेक इव्हनला (ना नफा ना तोटा) पोचूच शकत नाही, कितीही मन लावून चालवला तरी. एक तर दुसरी शिफ्ट, नाहीतर रेट २४.१६. किलोमागे २ रुपये १६ पैसे कमी पडतात, तुमचा सगळा प्रोजेक्ट या २ रुपये १६ पैशांवर उभा आहे.

बिझनेस_बॉय_पुणे

सिंपल आहे, लॉस मेकिंग युनिट आहे तर बंद करा, शेड भाड्याने द्या.

जुना_माग

शेड भाड्याचीच हाय रे बाबा. वाच की आधी.

हिशोबी_माणूस

आणि बंद करणे हा वेगळा हिशोब आहे. बंद केलं तर भाडं वाचेल, लोनचं व्याज वाचणार नाही, माग विकून लोन फिटतं का ते बघावं लागेल. खरा प्रश्न असा की काका दुसरीकडे काय कमावतील. दुसऱ्याच्या कारखान्यात दोन माग चालवले तर १३,७५०, आणि स्वतःचे चार सांभाळून १३,३५०. फरक ४०० चा, तोही उलटा, आणि यात काकूचं काम फुकट. काकूची किंमत पण बाहेरच्या बाईच्या दराने धरलीत ती बदली-किंमत झाली. ती दुसरं काय करू शकली असती तो आकडा वेगळा, तोही एकदा काढा.

टीवाय_पूर्वभाग

काकू आधी घरी बिड्या वळायची. माग घेतल्यावर सोडलं. विचारते तिला.

कॉमर्सवाली_मॅडम

मी दुसऱ्या जिल्ह्यात शिकवते, पण गाईडचा प्रकार सगळीकडे सारखाच. "घरचा प्रोजेक्ट चालत नाही" हे बहुतेक वेळा नियम म्हणून नसतं, सर्टिफिकेटशिवाय फाइल अडेल या भीतीने असतं. विद्यापीठाच्या सिलॅबसच्या पीडीएफमध्ये प्रोजेक्टची सूचना असते, ती प्रिंट काढून न्या आणि नम्रपणे विचारा, सर यात कुठे अडचण आहे ते दाखवता का. वाद घालू नका, प्रिंट हातात असली की पुरतं.

काकांचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होतं, फी नाही. पैसे मागणारा एजंट भेटला तर उठून या. त्यावर नंबर असतो, साध्या कागदावर कारखान्याचं नाव, पत्ता, तो नंबर आणि काकांची सही, हे पत्र मी तरी गाईड म्हणून नाकारलं नसतं. शिक्का नव्या पेठेत कुठेही करून मिळेल.

जीएसटी नंबर मागितला तर घाबरू नका. ५५,००० गुणिले १२ म्हणजे वर्षाला ६ लाख ६०, नोंदणीची मर्यादा सेवेसाठी २० लाख आहे. हेही एका ओळीत लिहा, एक्स्टर्नलला (बाहेरच्या परीक्षकाला) आवडतं.

शेठ पैसे किती दिवसांनी देतात?

टीवाय_पूर्वभाग

मॅडम थँक्यू!! शेठ ७०-७५ दिवसांनी देतात, सणाला थोडे आधी.

कॉमर्सवाली_मॅडम

मग हा एक पॅरा वाढला. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण त्यासाठी काकांची उद्यम नोंदणी आधी झालेली हवी.

जुना_माग

मॅडम कायदा बरोबर हाय. पण ७० दिवसाला पैसे देणाऱ्याला कायदा दाखवला तर पुढचा बीम शेजारच्या शेडमधी उतरतोय. पोरीने प्रोजेक्टमधी लिहावं, काकांनी शेठला सांगू नये.

कॉमर्सवाली_मॅडम

मान्य. ही ओळ "मर्यादा" या प्रकरणात टाका, अगदी याच शब्दांत नको.

टीवाय_पूर्वभाग

अपडेट देते, नऊ दिवस झाले.

कॅलेंडर घेऊन बसले, बारा महिन्यांचे खाडे मोजले, बीमची वाट बघितलेले दिवस काका बारीक फुली मारून ठेवतात हे पहिल्यांदा कळलं. सरासरी २५०० नाही, २२०० किलो निघाली. ३.४० ने ७,४८०, वजा १३,९००, म्हणजे तोटा ६,४२०. जुना माग काका, तुम्ही बरोबर होतात.

गाईड सरांनी सही केली. प्रिंट बघितलीच नाही, फक्त उद्यमचा कागद बघितला आणि म्हणाले हे आधी का नाही आणलं. टायटल मात्र इंग्रजीतच पाहिजे म्हणाले, ठीक आहे. सीएचबीचे सर पण त्या दिवशी तास संपल्यावर वीस मिनिटं थांबले, ब्रेक इव्हनचा ग्राफ स्वतः काढून दिला, २२०० जवळ एक उभी रेघ मारली आणि म्हणाले इथे तुझे काका उभे आहेत.

काकांना दाखवू का नको असं दोन दिवस चाललं होतं माझं. शेवटी रविवारी दाखवलं. बराच वेळ कागद बघत होते, आधी म्हणाले टेम्पो २,५०० नाही २,७०० जातात. मग ५,००० च्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, हे काकूचे कुणी द्यायचे?

काकू आतून कांड्या भरत होती, यंत्र बंद न करताच ओरडली, "आधी विचार, किती वर्षांचे!"

काकांनी कागद घडी घालून डायरीत ठेवला. आता माझ्याकडे त्या पानाची कॉपी नाहीये, पुन्हा टाइप करायचंय. व्हायवा सोळा तारखेला आहे, एक्स्टर्नल टेम्पोचे २०० रुपये कुठून वाढले विचारतील का?

शेंगाचटणी

विचारले तर काकांनाच घेऊन जा.