सेजमॅथचा ग्राफ दर वेळी वेगळी उंची का दाखवतो?

शिरोलीचा_डिझाइनवाला:
शिरोली एमआयडीसीत व्हायब्रेशनचं काम बघतो. एका वेल्डेड स्टील फ्रेमचा रिस्पॉन्स (स्थिर बलाच्या तुलनेत ती किती पट हलते ते) सेजमॅथ या गणिताच्या सॉफ्टवेअरात ० ते २००० हर्ट्झ प्लॉट केला. नॅचरल फ्रिक्वेन्सी ४०० हर्ट्झ, डॅम्पिंग रेशो (कंपन किती लवकर विरतं त्याचं माप) ०.०००५. तोच सेल (कोडचा तुकडा) परत रन केला की शेंडा कधी हजाराला टेकतो, कधी सातशे-आठशेवर थांबतो. अ‍ॅडॅप्टिव्ह सॅम्पलिंग (रेषा वाकते तिथं आपोआप जास्त बिंदू घेणं) चालू असून असं का? सायबाला रिपोर्ट द्यायचाय.

रंकाळ्याचा_मास्तर:
भावा, सेज आधी २०० बिंदू घेतं, तेही मुद्दाम थोडे इकडंतिकडं सरकवून. म्हणून चित्र बदलतं. दोन बिंदूंत अंतर साधारण १० हर्ट्झ. रेषा वाकलेली दिसली की तो तुकडा अर्धा, परत अर्धा, असं पाच वेळा (हेच रिकर्शन), म्हणजे ०.३ हर्ट्झच्या आसपास येऊन थांबतं. तुझ्या शेंड्याची हाफ-पॉवर रुंदी (उंची साधारण ०.७ पट होते तिथली) २ × ०.०००५ × ४०० = ०.४ हर्ट्झ. टोकावर बिंदू पडला तर पडला! उंची १ भागिले दुप्पट डॅम्पिंग रेशो, म्हणजे १०००. ती सूत्रातनं घ्यायची, ग्राफला पट्टी लावून न्हाई.

तरी तुझं नशीब बरं. रेझोनन्सला पायथा असतो, ५ हर्ट्झ लांबच रिस्पॉन्स ४० वर गेलेला असतो, म्हणून सेजला तिथं वास लागला. बिनपायथ्याचा, ०.०१ हर्ट्झ रुंदीचा सुळका दोन बिंदूंच्या फटीत असता तर सपाट रेष आली असती. रिकर्शन पन्नासला नेलं तरी तीच रेष, कारण तुकडा अर्धा करायचं कारणच त्याला दिसत न्हाई. तिथं सुरुवातीचे बिंदूच वाढवावे लागतात.

पायथॉनप्रेमी:
रँडमाइझ (बिंदू सरकवायची सेटिंग) बंद करा की, चित्र स्थिर येईल.

रंकाळ्याचा_मास्तर:
स्थिर येईल, खरं येईल असं न्हाई. समान अंतराचे बिंदू घेतले आणि साइनचं आवर्तन त्या अंतराच्या बरोबर निम्मं असलं, तर बिंदू आणि मध्यबिंदू सगळे एकाच उंचीवर. प्रोग्राम खूश, रेष सपाट. रँडमाइझ त्याच्यासाठीच ठेवलंय. पक्की हमी पाहिजे तर इंटरव्हल अरिथमेटिक, म्हणजे एकेका बिंदूऐवजी अख्ख्या तुकड्यावर फंक्शनच्या मर्यादा काढायच्या. जेफ टपर यांच्या ग्राफइक्यू या ग्राफ काढायच्या प्रोग्राममध्ये ते आहे. तुझ्या फ्रेमला एवढं लागत न्हाई.

शिरोलीचा_डिझाइनवाला:
रिकर्शन १० केलं, आता दर रनला हजारच. रिपोर्टात ३९० ते ४१० चा वेगळा प्लॉट टाकतो, आणि उंचीचा आकडा सूत्रातनं. धन्यवाद सर.