घराचा नकाशा ठरवला तेव्हा तुमची पोरं किती वर्षांची होती? अनुभव लिहा

हळदीचा_वास
काल रात्री नणंदेने व्हॉट्सॲपवर तीन नकाशे पाठवले. प्लॉट दीड गुंठा, ३३ बाय साडेएकोणपन्नास, इथेच सांगलीत. पोरं दोन. मोठी साडेचार वर्षांची, धाकटा दीडचा. "वहिनी, यातला कुठला घेऊ? परवा इंजिनिअरला सांगायचंय." तिन्ही नकाशांत स्वयंपाकघर अगदी मागे आणि जिना पुढे हॉलच्या कोपऱ्यात. बघितलं आणि पोटात खड्डाच पडला.

आमचं घर असंच आहे. नकाशा ठरवला तेव्हा मुलगा चौदा महिन्यांचा होता, राहायला गेलो तेव्हा अडीचचा. आम्ही काय बघितलं होतं, तर हॉल केवढा, पलंग बसतो का, पुढून घर कसं दिसेल, आग्नेयेला गॅस येतोय ना. पोरगं कुठे खेळणार हे कुणी विचारलंच नाही, मीही नाही.

तिसऱ्याच आठवड्यात मी चपात्या करत होते, कुकरच्या शिट्ट्या चालू. हा हॉलमध्ये डबे वाजवत बसला होता. डब्यांचा आवाज बंद झाला म्हणून बाहेर आले तर हॉल रिकामा. सासूबाई नुकत्याच कुरडया वाळत घालून खाली आल्या होत्या, गच्चीचं दार उघडंच होतं. हा वर, कठड्यापाशी पालथ्या घातलेल्या बादलीवर एक गुडघा टेकून. मी हाक मारली नाही, दचकेल म्हणून. कशी पोचले, कसा उचलला, ते आजही नीट सांगता येत नाही. खाली आले तर तव्यावरच्या चपातीचा कोळसा झालेला. तो वास अजून नाकात आहे.

नणंदेला एवढंच लिहिलं की गॅसपाशी उभी आहेस असं समज आणि तिथून जिना, पुढचं दार आणि पाण्याच्या टाकीचं झाकण दिसतं का ते आधी बघ. दिसत नसेल तर नकाशा परत पाठव. पण मला न सुचलेलं अजून कितीतरी असेल. लिहा प्लीज, मी सगळं तिला पाठवणार आहे.

दोन_जुळी
वाचून हात थंड पडले गं. लिहिते नंतर, दोघं उठली

गावभागातली
आमचा नकाशा कृष्णेने ठरवला. २००५ ला घरात पाणी आलं तेव्हा सासरे म्हणाले, एवढं परत काही येत नाही. २०१९ ला आयर्विन पुलावर पातळी ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५). माझी मुलगी आठ महिन्यांची. गॅस खाली, फ्रीज खाली, बाथरूम खाली, तिची दुपटी, औषधं सगळं खालीच. वर एक खोली आणि गच्ची, बस्स. बोट येईपर्यंत दीड दिवस तिला बिस्लेरीच्या बाटलीतल्या पाण्याने पुसून काढत होते.

नंतर पाडून बांधलं. खाली गाडी आणि सासूबाईंची एक खोली. स्वयंपाक, संडास-बाथरूम, झोपायच्या खोल्या वर. लाईटचा मीटर जेवढा वर घेता येईल तेवढा, इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर. कुणी म्हणेल लहान पोरं आणि घर वरच्या मजल्यावर? बरोबर आहे. म्हणून जिन्याला वर एक आणि खाली एक अशी दोन फाटकं, आणि वरच्या फाटकाची कडी पलीकडच्या बाजूने. रोज चढउतार करून सासूबाईंचे गुडघे गेले, त्याचं मला वाईट वाटतं. नदीकाठी राहून सगळंच मिळत नाही. ४० फुटांचा इशारा आला की आम्ही पोरं घेऊन मिरजेला मावशींकडे जातो. घर कितीही चांगलं बांधलं तरी जातोच.

हळदीचा_वास
ताई 🙏 इन्व्हर्टरचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

माणदेशी_पोर
आमच्याकडं उलटं, पुराचं न्हाई पाण्याचंच दुखणं. टाकी मोठी लागती. माझं म्हणनं एकच, सोपा, म्हंजी पुढची बैठकीची जागा, मोठा ठेवा. आमच्या जुन्या घरात सोपा म्हंजी वीस फूट लांब, तिथंच आमी सात भावंडं वाढलो, तिथंच अभ्यास, तिथंच झोप. आई माजघरात बसून सगळं बघायची, मधी दार हुतं पण कधी लावलेलं बघितलं न्हाई. आता भावानं बांधलं त्यात चार खोल्या आनी हॉल एवढासा. पाव्हणं आलं की पोरं दारात उभी. खोल्या कमी करा पन सोपा कमी करू नका

गोडोलीचा_इंजिनिअर
सिव्हिलवाला आहे, साताऱ्यात घरं बांधतो. तुमच्या नणंदबाईंसाठी जिन्याचं जरा नीट लिहितो, कारण दीड गुंठ्यात पहिली कात्री जिन्यालाच लागते.

राहत्या घराला पायरीची उंची १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंचांपर्यंत चालते आणि जागा वाचवायला सगळे तेवढीच घेतात. दोन वर्षांच्या पोराला साडेसात इंच म्हणजे जवळजवळ गुडघ्याएवढा पाय उचलणं. मी सहा धरतो. मजल्याची उंची दहा फूट धरली तर साडेसातने १६ पायऱ्या होतात, सहाने २०. चार पायऱ्या जास्त, प्रत्येकी दहा इंच, म्हणजे साधारण सव्वातीन फूट लांबी वाढते. ती हॉलमधून द्या, सोफा छोटा घ्या.

दुसरं, वळणावर त्रिकोणी पायऱ्या काढू देऊ नका. नकाशात छान दिसतात, चार फूट वाचतात. पण आतल्या बाजूला पाय ठेवायला दोन इंचसुद्धा राहत नाहीत, आणि पोरं नेमकी आतल्या बाजूने कठडा धरून उतरतात. वळणावर चौकोनी लँडिंगच हवं. पडलं तरी पोर तिथे थांबतं, खालपर्यंत येत नाही.

रेलिंगचे गज उभे, आणि दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी अंतर. सध्या स्टीलचे आडवे पाईप टाकायची फॅशन आहे, ती पोरांसाठी शिडीच. गच्चीचा कठडा मी चार फुटांचा करतो, आणि त्याच्या आतल्या बाजूला बसायला कट्टा करू देत नाही. कट्ट्यावर उभं राहिलं की कठड्याची उंची गेलीच. मालक लोक फार हट्ट करतात त्या कट्ट्याचा. एकाच ठिकाणी मी ऐकलं होतं, अजून त्या घरावरून गेलो की वर नजर जाते.

दोन_जुळी
आले. टाकीचं झाकण!! आमच्या पोर्चमध्येच टाकी होती, वर पातळ पत्रा. पाणी दिवसाआड, त्यामुळे मोटर लावायला झाकण रोज उघडायचं. मी नशीबवान म्हणून एवढंच लिहिते की आता लोखंडी झाकण, कुलूप आणि आत गजांची जाळी आहे. झाकण उघडं राहिलं तरी जाळी राहते. पोर्चमध्ये टाकी घेऊच नका, पोरं तिथेच सायकल चालवतात

कुरडई_प्रेमी
ताई विषय गंभीर आहे पण विचारल्याशिवाय राहवत नाही, सासूबाई कुरडया गव्हाच्या चिकाच्या करतात का अजून? आमच्याकडे कुणीच करत नाही आता

हळदीचा_वास
हो, गव्हाच्याच. तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून. पंचाहत्तरीच्या आहेत. त्या दिवसानंतर गच्चीचं दार त्या स्वतः दोनदा ओढून बघतात. मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत आणि मीही त्यांना बोलले नाही.

पाटणखोरे
आमच्या घरात एक नियम आहे, पोरांच्या पलंगावर माळा नको, फळी नको, फोटोफ्रेमही नको. आजोबांचा नियम. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप, पहाटे सव्वाचारच्या पुढे सगळे झोपेत असताना. दगडमातीच्या भिंती होत्या. माझी आई तेव्हा पाच वर्षांची, भिंतीकडेला झोपायची, त्या रात्री थंडी म्हणून आजीच्या कुशीत मधे आली होती. तिच्या जागेवर माळ्यावरचा पाटा आला.

आमच्याकडे अजूनही अधूनमधून हादरे बसतात. नवीन घर आरसीसीचं आहे, इंजिनिअरने भूकंपाचा हिशोब धरूनच केलंय. तरी नकाशा हातात आल्यावर आईने आधी पेन्सिलने पलंग काढले आणि मग माळे खोडले. कपाटं भिंतीला स्क्रूने पक्की केलीत. पोरं ड्रॉवर उघडून त्यावर चढतात, तेव्हाही ते कामाला येतं.

शाहूपुरी_वरची
दुपटी कुठे वाळणार ते बघा!!! हसू नका. साताऱ्यात जून ते सप्टेंबर कपडा वाळत नाही. माझं बाळ जुलैचं. दिवसाला पंचवीस-तीस दुपटी. हॉलमध्ये दोऱ्या, बेडरूममध्ये दोऱ्या, सगळ्या घराला कुबट वास, आणि बाळाची खोली नेमकी पश्चिमेला. पाऊस तिकडूनच झोडपतो. भिंतीला ओल, ओलीला बुरशी, पोराला खोकला. डॉक्टर म्हणाले खोली बदला. बदलली, पंधरा दिवसांत फरक.
आता नवीन घरात मागे पाच फुटांची पडवी आहे, वर पत्रा, दोन्ही बाजूंनी वारा. तिला कुणी खोली म्हणत नाही पण घरातली सगळ्यात कामाची जागा तीच

दोन_जुळी
पंचवीस-तीस ला माझ्याकडे गुणिले दोन 😄

शाहूपुरी_वरची
अगं बाई! तुला साष्टांग

माणदेशी_पोर
पश्चिमेचं आमच्याकडं ऊन. वरच्या मजल्याची पश्चिमेची खोली एप्रिलात तव्यावानी तापती, रात्री बारापस्तोर भिंत गरम. पोरं तिथं नका झोपवू. कडुलिंब लावा

वाईचा_घाट
बाथरूमची कडी. मुलगी तीन वर्षांची, आतून कडी लावली, उघडता येईना. खिडकी वर आणि लहान. दीड तास. मी दाराबाहेर बसून गोष्ट सांगत होतो, आत ती रडत रडत "मग पुढं?" विचारत होती. शेवटी सुताराने बिजागरी काढली. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं ठेवा आणि कडी पोराच्या हाताला लागणार नाही एवढी वर.

गावभागातली
"मग पुढं?" 😢❤️

मिरजकर_आजी
मी आजी आहे, सुनेने हा धागा दाखवला. मुलाने नातवंडांसाठी वेगळी खोली केली, गुलाबी रंग, छताला चांदण्या. नातू आता आठ वर्षांचा आहे, एक रात्र तिथे झोपला नाही. खोलीत गाद्या आणि गहू ठेवतात. आमचा सगळा गोतावळा हॉलमध्ये नाही तर माझ्या खोलीत. मला वाटतं लहानपणी पोरांना खोली नको असते, माणूस हवं असतं. बारा-तेराचं झालं की लागेल खोली. तोवर ती रिकामी जागा हॉलला जोडून ठेवावी, मधली भिंत नंतर घालता येते. माझी खोली खालीच आणि स्वयंपाकघराला लागून आहे ते मात्र मुलाने फार चांगलं केलं. सून भाकरी करते आणि मी आतून नातवाचे पाढे घेते.

गोडोलीचा_इंजिनिअर
आजी, नमस्कार. मधली भिंत नंतर घालायची असेल तर तिथे बीम आणि लाईटचे पॉईंट आत्ताच काढून ठेवायला सांगा. नंतर सोपं जातं.

कुपवाड_भाड्याचं
मी वाचतेय सगळं. आमचं भाड्याचं आहे, तिसरा मजला, नकाशा निवडायचा प्रश्नच नाही. गॅलरीला आडवे पाईप, इंजिनिअर दादा म्हणाले तसे अगदी. मुलगा वीस महिन्यांचा. मालक ड्रिल मारू देत नाहीत. सकाळपासून गॅलरीचं दार बंदच असतं, घरात अंधार, आणि तो दाराला डोकं लावून बाहेर बघत बसतो. काय करू

दोन_जुळी
ड्रिल लागत नाही. नायलॉनची जाळी, कबुतरांसाठी लावतात ती, जाड दोरीची. वरच्या आणि खालच्या पाईपाला केबल टायने बांधायची, दर चार इंचांवर एक. मधे ढिली नको. पण ही पोरगा पाईपांच्या मधून जाऊ नये म्हणून, त्यावर चढलेला चालणार नाही, एकटा सोडू नकोस. मोडे, कुंड्या, स्टूल सगळं गॅलरीतून आत घे.

गोडोलीचा_इंजिनिअर
बरोबर सांगितलं. जाळी आतल्या बाजूने बांधा, म्हणजे पाईपावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. शक्य तर जाळी वर छतापर्यंत न्या. वर खिडकीचं ग्रिल किंवा कपडे वाळत घालायचा पाईप असेल, त्याला बांधता येईल.

सदरबझार_सून
आग्नेयेचं काय करायचं? आमच्याकडे वास्तुवाले काका येऊन गेलेत, स्वयंपाकघर आग्नेयेलाच म्हणतात, आमचा रस्ता उत्तरेला, म्हणजे ते मागेच जातं. सासरे ऐकत नाहीत.

मिरजकर_आजी
भांडू नकोस बाळा. स्वयंपाकघर राहू दे आग्नेयेला. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधली भिंत अर्धी काढ, वर मोकळी. जिना उचलून मागे घे. आग्नेयही राहील आणि पोरंही दिसतील.

सदरबझार_सून
आजी 🙏🙏 दाखवते आज जेवताना

हळदीचा_वास
नणंदेला सगळं पाठवलं. पहिलं तिने आजींचं वाचलं आणि मुलांच्या खोलीची भिंत खोडली. जिना मागे घेतला की हॉल दोन फूट कमी होतो म्हणून नणंदेचे यजमान अजून तयार नाहीत. रविवारी प्लॉटवर फक्की (चुन्याची पांढरी पूड) टाकून खोल्या आखणार आहोत. तिला म्हटलंय, पोरांनाही आण, तू गॅसच्या जागेवर उभी राहा आणि त्यांना मोकळं सोड. बघू किती वेळा मान वळवावी लागते. तिच्या यजमानांनाही तिथेच उभं करणार आहे.

कुरडई_प्रेमी
चीक शिजवताना हिंग घालतात का सासूबाई? नंतर सांगा सावकाश

कुपवाड_भाड्याचं
जाळी बांधली. ह्यांनी आणि शेजारच्या दादांनी मिळून, दोन तास लागले. वर पाईपापर्यंत नेली. दुपारी गॅलरीचं दार उघडलं, मी तिथेच उंबऱ्यात बसून मेथी निवडली. तो खाली रिक्षा मोजत होता. त्याला अजून एकच अंक येतो.